चुलीचे पोतेरे आणि ओव्हनची तार

आपल्याकडे इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, तह, लढाया आणि वंशावळी ह्यांकडेच दृष्टी जाते. घरातील ज्या कोपऱ्यावर साऱ्या कुटुंबाचे पोट अवलंबून असते, त्या कोपऱ्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. कोणी लिहिलाच तर त्यात पदार्थ येतात, अग्नी येत नाही. आणि अग्नी आला तरी तो बिघडला असता नीट कोण करीत असे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. रत्नागिरीसारख्या गावी पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की माळ्यावरचा किंवा ओट्यावरचा विजेचा ओव्हन झाकणातून बाहेर काढला जातो, आणि पुष्कळ घरी त्याच दिवशी तो चालत नाही असे आढळून येते. मग तो घरी उघडावा की कारागिराकडे न्यावा, उघडावयाचा तर कोणी, ह्याविषयी घरात मतभेद होतात. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या मागे दीडशे वर्षांची हकीकत असून ती एका विद्येच्या हातबदलाची हकीकत आहे, असे माझे मत आहे.

प्रथम चुलीकडे वळू. चूल ही विकत आणण्याची वस्तू नव्हती, घडविण्याची होती. ती घडविणे आणि तिची डागडुजी करणे ही दोन्ही कामे घरातील स्त्रीकडे असत. कोकणात तांबडी माती हाताशी असे. परंतु नुसती तांबडी माती आचेने तडकते, म्हणून तीत कोंडा, शेण आणि मिळाली तर वारुळाची माती मिसळावयाची, मळून ती मुरू द्यावयाची, आणि मग चुलीचे अंग व शेजारचा वैल एकसंध उठवावयाचा. हे झाले मूळ बांधकाम. खरे काम त्यापुढचे. रोजचा स्वयंपाक आटोपला, चूल निवली, की तिच्यावर पोतेरे फिरे. ह्या पोतेऱ्याला आपण शुचितेचा आचार समजतो, आणि तो तसा होताही; परंतु त्याच हाताने कालची बारीक भेग आज बुजत असे, हे लक्षात घेतले पाहिजे. दुरुस्ती हा स्वयंपाकाचाच शेवटचा भाग होता. चूल बिघडली म्हणून गवंड्याला बोलावणे धाडल्याचे कोणी ऐकले आहे काय? कोणत्या बाजूने वारा शिरतो, ओले सरपण कोठे ठेवले असता धुरेल, वैलावर ठेवलेले दूध किती वेळात तापेल, हे सारे ज्ञान त्या एका व्यक्तीच्या हाताच्या तळव्यात साठलेले असे. ते कोणी लिहून ठेवले नाही. सासूकडून सुनेकडे ते पाहून पाहून गेले.

भाजण्याच्या क्रियेस लागणारी आच चुलीच्या आचेपेक्षा निराळी. तिला खालून आणि वरून अशी दोहोंकडून उष्णता लागते, आणि ती बराच वेळ सारखी राहावी लागते. कोकणातल्या गृहिणीने ही अडचण आपल्या परीने सोडविली होती. तवशाचे धोंडस करावयाचे तर तवशाचा कीस, तांदळाच्या कण्या, गूळ आणि खोबरे ह्यांचे मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात घालून ते मंद निखाऱ्यांवर ठेवावयाचे आणि झाकणावरही निखारे पसरावयाचे. भट्टीचे संपूर्ण तत्त्व ह्या एका भांड्यात आहे. वरचे निखारे राखेने झाकले म्हणजे आच मंदावते, राख झटकली म्हणजे वाढते. हाच तिचा नियंत्रक.

खरी भट्टी मात्र घराबाहेरच राहिली, आणि तिच्याभोवती धर्माचे कुंपण होते. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीज; त्याच्याबरोबर आलेली भट्टी ही परक्यांची, भ्रष्टाकाराची जागा, अशी समजूत दीर्घकाळ होती. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहा-बिस्किटांच्या प्रसंगावरून केवढा गहजब उडाला हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या प्रसंगात न्यायमूर्ती रानडे होते आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळकही होते, आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे पुष्कळ चालला. त्यानंतर काही पिढ्यांतच मध्यमवर्गीय घरांतून नानकटाईचे पीठ घरी मळून, पत्र्याच्या ताटांत गोळे मांडून, ती ताटे बेकरीवाल्याच्या भट्टीतून भाजून आणण्याची रीत पडली. म्हणजे जिन्नस घरचा, अग्नी परका, अशी तडजोड झाली. विजेच्या ओव्हनने केले ते एवढेच की तो परका अग्नी उचलून घरात आणून ठेवला. पण तो आणताना त्याची दुरुस्ती करण्याची विद्या मात्र बरोबर आली नाही.

ह्या अग्नीचा जन्म कसा झाला तेही पाहिले पाहिजे. तारेतून वीज वाहू लागली म्हणजे तार तापते, आणि उत्पन्न होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या व तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हा नियम मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथील एका मद्य-कारखानदाराचा मुलगा जेम्स प्रेस्कॉट जूल ह्याने १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. नियम हाती आला तरी घरात त्याचा उपयोग होण्यास साठाहून अधिक वर्षे लागली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात विजेचे स्वयंपाकघर मांडले होते. इंग्लंडात क्रॉम्प्टन ह्याच्या कंपनीने त्याच दशकात विजेवर तापणारी उपकरणे विक्रीस काढली होती. हा क्रॉम्प्टन तरुणपणी हिंदुस्थानात लष्करी नोकरीत होता आणि येथील रस्त्यांवर वाफेच्या गाड्या चालविण्याचे प्रयोग त्याने केले होते. त्याचे नाव पुढे आपल्या घरांतील पंख्यांवर आले, हा एक मौजेचा योगायोग. परंतु ही सर्व उपकरणे नाजूक निघाली. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापविली की हवेतील प्राणवायूने ती गंजून झिजे. प्लॅटिनमची तार टिके, पण तिची किंमत कोणास परवडणार?

अडचण होती ती धातूची, आणि ती सोडविली आल्बर्ट मार्श ह्या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने. सुमारे ८० भाग निकेल आणि २० भाग क्रोमियम ह्यांच्या मिश्रधातूचे पेटंट त्यास १९०६ साली मिळाले. हेच आपल्या कारागिरांच्या तोंडचे नायक्रोम. ह्या तारेचा गुण असा की ती तापली म्हणजे तिच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट पापुद्रा बसतो, आणि तो पापुद्राच आतल्या धातूला पुढच्या गंजापासून वाचवितो. आपलाच मळ अंगावर चिलखतासारखा धारण करणारा हा धातू होय. हा पापुद्रा जेथे मोडतो तेथे तार झिजू लागते. तारेवर दूध किंवा मिठाचे पाणी उतू गेले, तार वारंवार तापून-निवून वाकली, की त्या ठिकाणी ती बारीक होते. बारीक झाली की तेथला रोध वाढतो. रोध वाढला की तेवढीच जागा अधिक तापते, आणि अधिक तापली की अधिक झिजते. अखेरीस एके दिवशी ती तेथेच तुटते. ओव्हनच्या बहुतेक आजारांचे निदान ह्या एका साखळीत आहे.

आता वीज आपल्याकडे कशी आली ते थोडक्यात. मुंबईत वीज व ट्राम पुरविणारी कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. रत्नागिरी जिल्ह्याचा ह्या कथेतील वाटा त्याहून मोठा आणि काहीसा कडवट आहे. सह्याद्रीच्या पलीकडे कोयना नदी अडवून तिचे पाणी बोगद्याने डोंगराखालून पश्चिमेस आणावयाचे आणि कोकणाच्या पायथ्याशी चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, खडकाच्या पोटात कोरलेल्या केंद्रातील चक्रांवर सोडावयाचे, अशी ही योजना. तेथली पहिली वीज १९६२ मध्ये निघाली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढून ह्या प्रकल्पाची एकूण शक्ती १९६० मेगावॉट झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले तेव्हा मुंबईच्या वीजपुरवठ्यासही मोठा धक्का बसला, ह्यावरून ती वीज कोणीकडे जात होती हे समजून येईल. पाणी कोकणात पडे आणि तारा कोकणावरून मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे धावत. त्या तारांखालच्या कित्येक वाड्यांत मात्र बरीच वर्षे रॉकेलचे दिवे जळत होते. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा एन्रॉनचा प्रकल्प १९९९ मध्ये चालू होऊन २००१ मध्ये बंद पडला, ते प्रकरण अलीकडचे आहे. त्याचे राजकारण पुष्कळांनी पुष्कळ लिहिले असल्यामुळे येथे त्यात शिरत नाही.

वीज घरात आली, तिच्या मागोमाग गोल ओव्हन आला. ज्यांचे बालपण १९६० ते १९८० च्या दरम्यान गेले आहे त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नकोच. ॲल्युमिनियमचे गोल भांडे, झाकणाच्या आतल्या बाजूस चिनी मातीच्या खोबणीत बसविलेली नायक्रोमची गुंडाळी, वरून पाहण्यास काचेची लहानशी खिडकी, आणि बाजूस वायर जोडण्याच्या दोन खुंट्या. आता हे यंत्र आणि धोंडसाचे भांडे शेजारी ठेवून पाहावे. झाकणावरचे निखारे झाकणाच्या आत गेले, एवढाच फरक! ह्या ओव्हनचा मोठा गुण हा की त्यात काही लपलेले नव्हते. झाकण उलटे केले की गुंडाळी डोळ्यांसमोर असे. कोठे तुटली ते दिसे. बाजारात नवी गुंडाळी थोड्या पैशांत मिळे, आणि ती सारख्या अंतराने ताणून खोबणीत बसविणे हे काम चिकाटीचे असले तरी अवघड नव्हते. चुलीच्या भेगेवर पोतेरे फिरविणाऱ्या हाताला हे काम सहज साधले असते. परंतु रूढी अशी पडली की वीज म्हणजे पुरुषांचे प्रकरण. चुलीची जी मालकीण होती ती ओव्हनची केवळ वापरणारी झाली. तिने पीठ कालवावयाचे, आणि यंत्र अडले की घरातील पदवीधराची किंवा गल्लीतील वायरमनची वाट पाहावयाची.

आणि त्या पदवीधराने काय केले? त्याने बहुधा तुटलेल्या तारेची दोन टोके ओढून एकमेकांस पीळ घालून जोडली. ओव्हन लागलीच तापला, घरात त्याच्या विद्येची वाहवा झाली, आणि पंधरा दिवसांत तार त्याच पिळापाशी पुन्हा तुटली. मग आणखी थोडी तार खर्ची घालून पुन्हा पीळ. आमच्या महाविद्यालयांतून जूलचा नियम फळ्यावर बिनचूक लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. तो नियम घरच्या झाकणाखालीही लागू आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. हिशेब करून पाहावा. २३० व्होल्टवर १००० वॉटचा ओव्हन असेल तर त्याच्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. तारेचा दशांश भाग तुकड्यांत गेला तर रोध सुमारे ४८ ओहमवर येतो आणि शक्ती ११११ वॉटच्या घरात जाते. तार आखूड झाली म्हणून ओव्हन मंदावेल अशी समजूत असते. तो उलट अधिक कडक तापतो, आणि उरलेली तार अधिक लवकर जळते. शिवाय पिळाचा सांधा कधीच घट्ट बसत नाही. तेथे रोध राहतोच, आणि वर सांगितलेली झिजण्याची साखळी तेथूनच पुन्हा सुरू होते. नवी गुंडाळी घालणे हीच खरी दुरुस्ती. पीळ ही वेळ मारून नेण्याची युक्ती होय.

विजेच्या दाबाचीही गोष्ट अशीच आहे. खेड्यापाड्यांत तारेच्या टोकाशी असलेल्या घरांत दाब २३० व्होल्टवरून १८० वर उतरणे ही नवलाची गोष्ट नव्हती. दाब एवढा उतरला की हजार वॉटचा ओव्हन जेमतेम ६१२ वॉटचा राहतो. कारण शक्ती ही दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. अशा संध्याकाळी केक फुगला नाही, तर घरातील माणसे काय म्हणत? पीठ नीट फेटले नाही. अंडे घातले नाही म्हणून बसला. पुस्तकातील कृती पाळली नाही. रोहित्राचा दोष कित्येक वर्षे गृहिणीच्या हाताला लागत आला, आणि तिलाही तो आपलाच वाटत असे. निखाऱ्यांवर तिचा अधिकार होता तेव्हा धोंडस करपले तर का करपले हे ती सांगू शकत असे. येथे तिला कारणच दिसत नव्हते.

परंतु वाया गेलेला केक ही फारच लहान हानी झाली. ह्या इतिहासातील खरी गंभीर बाजू पुढेच आहे. गोल ओव्हनची ती वायर बहुधा दोन तारांची असे. तिसरी, म्हणजे कवच जमिनीशी जोडणारी तार, नसे. गुंडाळीचा तुटका तुकडा लोंबून ॲल्युमिनियमला टेकला की सारे भांडे जिवंत होई. अशा वेळी त्याला हात लावणारी व्यक्ती कोणत्या अवस्थेत असे, ह्याचा विचार करावा. अनवाणी पाय, नुकती पुसलेली ओली फरशी, आणि सोवळ्याचे घर असेल तर अंगावर ओलेते वस्त्र. वीज देहातून जमिनीत जाण्यास ह्याहून सोपी वाट कोणी मुद्दाम ठरवूनही केली नसती. पायात चप्पल घालून, कोरड्या हाताने आणि एका हाताने यंत्र हाताळावे हा साधा नियम आपल्या स्वयंपाकघरातील आचाराच्या नेमका विरुद्ध होता, आणि दोहोंचा मेळ घालून देण्याचे काम कोणीच केले नाही. मराठीत हे सांगण्याची सोय नव्हती असेही नाही. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासून सोप्या मराठीत शास्त्र सांगत आले. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकानेही यंत्रांचा परिचय घरोघर करून दिला. पण ओव्हनच्या खोक्यात येणारा कागद बहुधा इंग्रजीत असे, आणि त्यातील इशारा ज्या हातांसाठी होता ते हात तो वाचू शकत नव्हते.

जमिनीशी जोडणे म्हणजे तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन. ती पिन भिंतीत शिरली म्हणजे काम संपले अशी समजूत असते. वस्तुतः ते तेथे सुरू होते. त्या पिनेपासून निघालेली तार अंगणातील एका खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे, आणि तो खड्डा ओलसर असला पाहिजे. रत्नागिरीचा जांभा पावसाळ्यात पाण्याने तुडुंब असतो, पण चैत्र-वैशाखात तोच कोरडा ठणठणीत होतो आणि विजेला वाट देईनासा होतो. म्हणून खड्ड्यात पट्टीभोवती लाकडी कोळसा आणि मीठ ह्यांचे थर घालतात, आणि जाणते लोक उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. स्वयंपाकघरातून हद्दपार झालेला कोळसा अशा रीतीने अंगणाच्या पोटात जाऊन बसला आहे, आणि तेथून तो घराची राखण करतो. तुळशीला पाणी घालताना एक तांब्या ह्या खड्ड्यातही ओतला जाईल तर ती ओव्हनची उत्तम देखभाल होईल.

आजचा चौकोनी ओव्हन निराळ्या बांधणीचा आहे. त्याची तापणारी तार उघडी नसते. पोलादी नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून तिच्यात ती पुरलेली असते. भुकटी उष्णता बाहेर सोडते आणि वीज आत अडविते. युक्ती उत्तम आहे, पण ह्या भुकटीस एक खोड आहे: ती हवेतील ओल शोषून घेते. जेथे वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वारा समुद्रावरून येतो, त्या गावी ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत न वापरलेला ओव्हन आश्विनात लावला तर भुकटीतील ओलीतून थोडी वीज कवचाकडे झिरपते, आणि ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीलाच तुटणारा संरक्षक खटका लागलीच पडतो. ओव्हन जळालेला नसतो. तो सादळलेला असतो, पापड सादळतात तसा. नळीची टोके सोडवून ती काढावी, चार-दोन दिवस कडक उन्हात वाळवावी, आणि वायरमनकडून मेगर लावून तपासून घ्यावी. पुष्कळदा एवढ्याने काम भागते. नळीलाच भेग पडून आतली भुकटी फुटून आली असेल तर मात्र ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

येथेच एक घातक प्रघात सांगितला पाहिजे. खटका वारंवार पडतो म्हणून कंटाळून कित्येक जण प्लगमधील जमिनीची तार तोडून टाकतात. खटका पडावयाचा थांबतो, ओव्हन तापतो, आणि दुरुस्ती झाली असे सर्वांस वाटते. गळती मात्र होती तेथेच असते. ती आता जमिनीत जाण्यासाठी माणसाच्या हाताची वाट पाहत असते. घरगुती दुरुस्तीच्या सर्व प्रकारांत मला हा एकच प्रकार अक्षम्य वाटतो.

मग घरी काय उघडावे? प्लग भिंतीतून पूर्ण काढून ठेवल्यावर पिनांचे सैल झालेले स्क्रू आवळणे, काळवंडलेली पिन घासणे, वायरचे वितळलेले आवरण ओळखून ती संपूर्ण बदलणे, दाराची झिजलेली पट्टी नवी बसविणे, ही कामे कोणत्याही सावध हाताची आहेत. उष्णता राखणारा नियंत्रक म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंची एकास एक चिकटविलेली पट्टी. एक धातू अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि प्रवाह तुटतो. सागरी घड्याळे करणाऱ्या जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात उन्हाथंडीने घड्याळ मागेपुढे होऊ नये म्हणून योजिलेलीच ही युक्ती. तिची टोके चिकटून बसली तर ओव्हन थांबतच नाही आणि पदार्थ करपतो; असा नियंत्रक घासूनपुसून पुन्हा लावण्यापेक्षा बदललेला बरा. जुन्या ओव्हनमध्ये पांढरा तंतुमय पत्रा आढळला तर तो खरवडू नये. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक असते. आणि सूक्ष्मलहरींचा, म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन, घरी मुळीच उघडू नये. तो दिसावयास भाऊबंद असला तरी त्याचे कूळ वेगळे. १९४५ च्या सुमारास पर्सी स्पेन्सर ह्या अमेरिकन अभियंत्याने रडारच्या विद्येतून तो काढला, आणि त्याच्या धारित्रात प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो.

रत्नागिरीतील दुरुस्तीच्या दुकानांतून आता गोल ओव्हनच्या गुंडाळ्या क्वचितच मागितल्या जातात. चौकोनी ओव्हनच्या नळ्या मात्र मिळतात, आणि त्या घेताना जुनी नळी बरोबर न्यावी लागते, कारण लांबी, वळण आणि वॉट ह्या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. जुन्या नळीच्या टोकाशी असलेल्या पोलादावर वॉटचा आकडा बहुधा कोरलेला असतो. घासणीने काजळी काढली म्हणजे तो वाचता येतो.